न परतलेल्या जहाजाची गोष्ट

फेब्रुवारी २०१७ मध्ये 'गाझी' हा चित्रपट आला तेव्हा तो मी सोलापुरात तेलुगूतून पाहिला. पूर्व भागातला माझा एक मित्र ओढूनच घेऊन गेला. तो टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, आहे. दोन डझन यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारी कुणी ओरडून बोललं तरी ऐकू येत नाही, पण पलीकडच्या रांगेतल्या एखाद्या मागाचा धोटा जरा जड चालायला लागला की याची मान बरोबर तिकडे वळते. हे मी स्वतः पाहिलं आहे. पडद्यावर कानाला हेडफोन लावून बसलेला नौसैनिक दूरच्या जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजायला लागला, तसा मित्र खुर्चीत पुढे सरकला. मध्यंतरात म्हणाला, "हा माणूस आपल्याच लाइनीतला आहे की ओ."

सिनेमा सुटल्यावर चहा घेताना त्याने विचारलं, "हे सगळं असंच झालंतं का ओ?" मी सांगितलं, गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी बुडाली हे खरं, आतले नव्वदच्या वर लोक गेले हेही खरं, पण तिला पाण्याखाली गाठून मारणारी आपली पाणबुडी कुठेच नव्हती. त्याचा चेहरा उतरला. "मग खरं झालंतं तेच का नाही दाखवलं?"

त्या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. कारण खरं जे घडलं ते रचलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी सरस होतं. १९७१ च्या नोव्हेंबरात गाझी कराचीहून निघाली ती आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या शोधात. विक्रांत तेव्हा अंदमानच्या बाजूला लपवलं होतं. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ते विशाखापट्टणमलाच आहे असा देखावा उभा केला. 'राजपूत' ही जुनी विनाशिका विक्रांत असल्यासारखी वायरलेसवर बोलू लागली. गावातल्या व्यापाऱ्यांकडे शिधा, मांस, भाजीपाला यांची एवढी मोठी मागणी नोंदवली गेली, की ऐकणाऱ्याला वाटावं, हजारभर माणसांचं जहाज आलंय. विक्रांतवरचा कुणी खलाशी आजारी आईची विचारपूस करतो आहे, असा एक साधा, उघडा संदेशही पाठवला गेला. ३ डिसेंबरच्या रात्री बंदराच्या तोंडाशी राजपूतने पाण्यात स्फोटकं टाकली. त्याच रात्री गाझी तळाला गेली. आपलं नौदल त्याचं श्रेय राजपूतला देतं, पाकिस्तान म्हणतं की ती स्वतःच्याच सुरुंगांनी किंवा आतल्या स्फोटाने गेली.

भाजीवाल्याकडे गेलेली एक यादी आणि आईच्या नावाने गेलेला एक संदेश यांनी पाणबुडीला हव्या त्या जागी ओढून आणलं! यावर अख्खी कादंबरी उभी राहते. चित्रपटात मात्र शत्रूला चिडवून जवळ आणण्यासाठी आपले नौसैनिक पाण्याखाली राष्ट्रगीत म्हणतात. टॉकीजमध्ये लोक उभे राहिले, मीही राहिलो. त्या क्षणाचा अपमान मला करायचा नाही. पण ज्या धंद्यात हातातला पाना खाली पडला तरी जीव जाऊ शकतो, त्याची गोष्ट गाण्यावर आणून सोडली, याची रुखरुख घरी येईपर्यंत गेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे समुद्रयुद्धाचा सिनेमा आधी येतो आणि त्याच्या पाठीशी असावं लागतं ते पुस्तक आलेलंच नसतं. ते येत नाही, कारण तसं पुस्तक बहुतेक वेळा बुडालेल्या जहाजातून बाहेर पडतं, आणि बुडालेल्या जहाजाबद्दल बोलायला आपण तयार नसतो.

जगात या प्रकारच्या ज्या कादंबऱ्या टिकल्या त्या लिहिणारे कोण होते ते बघा. निकोलस मॉन्सरात दुसऱ्या महायुद्धात काफिल्यांना संरक्षण देणाऱ्या छोट्या जहाजांवर अधिकारी होता. एडवर्ड बीच अमेरिकी पाणबुड्यांवर होता, आणि पुढे १९६० मध्ये त्याने अणुपाणबुडी पाण्याखालून पृथ्वीभोवती फिरवून आणली. लोथार-ग्युन्टर बुखहाइम हा जर्मन युद्धवार्ताहर १९४१ मध्ये यू-९६ या पाणबुडीतून गस्तीवर गेला. त्या अनुभवावर कादंबरी लिहायला त्याला तीस वर्षं लागली. 'दास बूट' १९७३ मध्ये आली आणि १९८१ मध्ये वोल्फगांग पीटरसनने तिच्यावर चित्रपट केला.

तो चित्रपट मी चार वेळा पाहिला आहे. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं येतात, जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या चाळीस हजारांपैकी तीस हजार परतले नाहीत. मग आपण आत शिरतो. छताला टांगलेल्या जाळ्यांत पाव, सॉसेज, फळं लोंबकळतायत. संडास दोन, त्यांतला एक अन्नसाठ्याने भरलेला. पन्नास माणसांना एक. दाढ्या वाढत जातात, कपडे ओलेच राहतात, पावावर बुरशी चढते. वर विनाशिका फिरत असते आणि आत कुणीच काही करत नसतं, सगळे फक्त वर बघत असतात. ती माणसं हिटलरच्या आरमारातली आहेत हे पाहणारा विसरत नाही, तरीही त्यांच्याबरोबर श्वास रोखून धरतो. एवढं करूनही बुखहाइमला चित्रपट पसंत पडला नाही. त्याला तो भडक, आरडाओरडीचा वाटला. पुस्तक लिहिणारा माणूस त्या लोखंडी नळीत राहून आलेला असला की तो दिग्दर्शकाशी असं भांडू शकतो. आपल्या सिनेमाशी भांडायला असं कुणी नव्हतं.

विशाखापट्टणमला मी गेलो तो कोणार्क एक्स्प्रेसने, सोलापूरहून थेट गाडी आहे म्हणून. किनाऱ्यावर 'कुरसुरा' उभी केलेली आहे. रशियन बनावटीची, साधारण ९१ मीटर लांब, १९६९ मध्ये नौदलात आलेली आणि २००१ मध्ये निवृत्त झालेली. १९७१ च्या युद्धात ती गस्तीवर होती. तिकीट काढून आत गेलं की एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोकातून अंग चोरून घुसावं लागतं. माझ्या पुढच्या एका शाळकरी मुलाचं डोकं आपटलं, तर मागून त्याची बहीण म्हणाली, "वाकून जा की." माहिती सांगणारे निवृत्त नौसैनिक होते. त्यांनी गोड्या पाण्याचा हिशेब सांगितला, प्यायला आणि स्वयंपाकाला एवढं, आंघोळीचं नावच नाही. माझ्याबरोबर आई होती. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की घरातला प्रत्येक हंडा, पिंप, पातेलं भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस ते पुरवायचं, यात तिचं आयुष्य गेलं. तिने त्या नौसैनिकाला विचारलं, "मग पाण्यावरून भांडणं होत नव्हती का?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आजी, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." मग बराच वेळ ते तिच्याशीच बोलत राहिले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब राहणाऱ्या आम्हा लोकांना या गोष्टीतलं काय कळणार, असं कुणी म्हणालं की मला आईचा तो प्रश्न आठवतो.

आता खुकरीकडे येतो.

४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो, कारण १९७१ मध्ये त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. तो पराक्रम खराच मोठा. पण पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची जगातली ती पहिली घटना. खुकरी निघाली होती हंगोरच्याच शोधात, सोबत 'किरपाण' होती. हंगोरचं सोनार, म्हणजे आवाजावरून जहाजाचा माग काढणारं यंत्र, लांबचं ऐकत होतं, आपल्या जहाजांचं जवळचं. आपल्याकडच्या समुद्रात वरचं पाणी तापलेलं असतं आणि तो थर आवाजाला वाकवतो, त्यामुळे खाली दबा धरून बसलेली पाणबुडी वरच्या जहाजाला सापडणं आणखी अवघड. खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता, हेही नंतर लिहिलं गेलं. टॉर्पेडो लागल्यावर काही मिनिटांतच जहाज गेलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी आपलं जीवरक्षक जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाजाबरोबर राहिले. त्यांना महावीरचक्र मिळालं. जे वाचले त्यांच्या आठवणी मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी २००६ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आणल्या. म्हणजे कच्चा माल आहे. दीवला टेकडीवर स्मारकही आहे, काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती ठेवलेली. नाही ती कादंबरी, जिच्यात कॅप्टनच्या खुर्चीइतकाच खालच्या यंत्रघरातला पोरगा दिसेल.

माझे एक जुने स्नेही निवृत्त सुभेदार आहेत. त्यांच्याशी या विषयावर माझं नेहमी वाजतं. ते म्हणतात, हरल्याच्या गोष्टी लिहून सैन्याचं मनोबल खचवायचं कशाला? त्यांचा हेतू स्वच्छ आहे म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. मॉन्सरातच्या 'द क्रुएल सी' या १९५१ च्या कादंबरीत एक प्रसंग आहे. बुडालेल्या व्यापारी जहाजांची माणसं पाण्यात पोहतायत, वाचवा म्हणून हात करतायत. नेमकं त्यांच्याच खाली शत्रूची पाणबुडी असल्याचं यंत्र सांगतं. कॅप्टन स्फोटकं टाकायचा हुकूम देतो. आपलीच माणसं मारली जातात, आणि पाणबुडी तिथे होती की नव्हती हे कधीच कळत नाही. १९५३ च्या चित्रपटात हा प्रसंग ठेवला गेला. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. पाहणाऱ्यांत कितीतरी जणांचे मुलगे, नवरे समुद्रात गेलेले होते. लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. ब्रिटिश नौदलाचं मनोबल त्याने खचलं, असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि मराठी माणसाला हे सांगावं लागू नये. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ मध्ये आली, आणि आजही सोलापुरातल्या कुठल्याही वाचनालयात तिची प्रत हाताळून मऊ झालेली सापडेल. सगळ्यांना शेवट ठाऊक असतो. भाऊसाहेब परत येणार नाहीत, विश्वासराव पडणार, तरी वाचतो. रडतो आणि पुन्हा वाचतो. पराभव वाचायला मराठी वाचक तयार नसतो हे म्हणणं त्या एका पुस्तकाने कायमचं खोडून काढलं आहे.

पानिपतच्या पाच वर्षं आधी समुद्रावरही आपलं एक पानिपत झालं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळालं. समुद्राकडून वॉटसनचा इंग्रज तांडा, त्याच्याबरोबर क्लाइव्ह, आणि जमिनीवरून नानासाहेब पेशव्यांची फौज. तोफेचा गोळा लागून एक जहाज पेटलं, तेही आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं, आणि एकमेकांना बांधून ठेवलेली जहाजं भराभर पेटत गेली. कान्होजींनी उभं केलेलं आरमार आपल्याच हातांनी परक्याकडून जाळून घेतलं गेलं. यात शत्रू कोण, आपला कोण, हे ठरवताना लेखकाची झोप उडावी. गुराब, गलबत, तांडेल, सारंग, सुकाणू, डोलकाठी हे सगळे शब्द भाषेत आधीच आहेत. पाणबुडी, पाणसुरुंग, पाणतीर हेही रुळले आहेत. शब्दांची अडचण नाही.

सुभेदारांचा दुसरा मुद्दा गुप्ततेचा. चालू पिढीच्या पाणबुड्यांबद्दल तो मला मान्य आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या नव्या कलवरी, खांदेरी, करंज यांच्या आत काय आहे हे कादंबरीत यायला नको. पण १९७१ ची पिढी? त्या काळातली पाणबुडी विशाखापट्टणमच्या वाळूवर उभी आहे आणि शाळेची सहल तिच्यातून फिरते. जिच्या पोटात मुलं डोकं आपटून घेतात, तिच्या युद्धातले कागद अजून कपाटात कशासाठी? संरक्षण मंत्रालयानेच जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं की युद्धाच्या नोंदी साधारण २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात. १९७१ ची पंचवीस वर्षं १९९६ मध्येच भरली. आता धोरण कागदावरून खाली उतरावं. त्याआधी जुलै २०२० मध्ये याच मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला कळवलं होतं की सैन्यावरच्या चित्रपटांना आणि वेब मालिकांना आधी मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घ्यायला सांगावं. गणवेशाची टिंगल होऊ नये ही भावना मला समजते. पण एकदा पत्र घ्यायचं ठरलं की निर्माता खुकरीच्या वाटेला कशाला जाईल? तो कराचीच दाखवेल, तीही चार गाणी घालून. परवानगी तंत्राची तपासणी करण्यापुरती असावी. गोष्ट कशी संपते हे मंत्रालयाच्या टेबलावर ठरू नये.

तिसरा आक्षेप सुभेदारांनी घेतला नाही, तो माझ्याच मनात येतो. खुकरीवर गेलेल्यांच्या १९४ घरांचा. जखम पुन्हा उघडायचा अधिकार लेखकाला आहे का? याचं उत्तर मला सोपं वाटत नाही. एवढं मात्र दिसतं की खोटी गोष्ट त्या घरांना जास्त दुखावते. अमेरिकी चित्रपट 'यू-५७१' २००० मध्ये आला. जर्मन पाणबुडीतून एनिग्मा हे गुप्तलेखनाचं यंत्र अमेरिकी नौसैनिक पळवतात, असं त्यात आहे. प्रत्यक्षात मे १९४१ मध्ये यू-११० वर चढून ते आणलं ब्रिटिश 'बुलडॉग'च्या माणसांनी, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. ब्रिटनमध्ये संताप झाला, संसदेत प्रश्न आला, पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी त्याला अपमान म्हटलं. दुसऱ्याने आपलं श्रेय घेतलं म्हणून ते चिडले. आपण तर आपल्याच राजपूतचं श्रेय काढून काल्पनिक पाणबुडीला दिलं आणि कुणाला काही वाटलं नाही, कारण राजपूतची गोष्ट लोकांच्या घरात पोचलेलीच नव्हती.

जाता जाता एक. कथेतला जगातला सर्वांत प्रसिद्ध पाणबुडी-कप्तान, ज्यूल व्हर्नचा नेमो, आपला आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला, त्या पिढीतला मी. व्हर्नने पहिल्या कादंबरीत नेमोचा देश लपवून ठेवला आणि 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये उघड केला: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपूच्या नात्यातला, १८५७ मध्ये लढून सर्वस्व गमावलेला. म्हणजे नेमोची पाणबुडी नॉटिलस हरलेल्या माणसाने बांधली. १९५४ च्या डिस्नेच्या चित्रपटात जेम्स मेसनने तो झोकात उभा केला, पण त्यातल्या नेमोचा हिंदुस्थानशी काही संबंध उरला नाही. तेव्हा आपल्याला ते जाणवलं नसेल. आज जाणवायला हवं.

करण्यासारखं काम ताबडतोबीचं आहे. १९७१ मध्ये विशीत असलेले नौसैनिक आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. मराठी मुलखातून नौदलात गेलेले कितीतरी जण गावोगाव आहेत, बँकेच्या रांगेत पेन्शनसाठी उभे असतात. त्यांच्यासमोर फोनचं रेकॉर्डिंग चालू करून बसणारे दहा-वीस तरुण प्रत्येक जिल्ह्यात निघाले, तर येत्या पाच वर्षांत मराठीकडे असा साठा जमेल की कादंबरीकाराला पुढचं सगळं सापडत जाईल. जेवण काय होतं, भीती कशी वाटायची, पत्रं किती दिवसांनी यायची, पाण्यावरून भांडणं व्हायची का. प्रकाशकांनी पुढे यावं, विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी यावं. सिनेमावाले मागून येतीलच, त्यांना गोष्ट लागतेच.

सोलापूरने हे एकदा पाहिलेलं आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक आपला होता, द्वारकानाथ कोटणीस. चौघे परत आले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिलं आणि नाव दिलं तेही न परतलेल्या त्या एकाचं. त्या पुस्तकावरून १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी चित्रपट काढला. आधी पुस्तक, मग पडदा. भैय्या चौकातल्या स्मारकात आजही शाळेची मुलं येतात ती त्यामुळे. ९ डिसेंबरला तिथे फुलं वाहिली जातात. त्याच तारखेला खुकरी गेली, हे मी तिथे दोन-तीनदा बोललो आहे. ऐकणाऱ्यांनी दरवेळी विचारलं, मराठीत काही आहे का वाचायला?

जॉबर मित्राला मी खुकरीची गोष्ट गेल्या वर्षी सांगितली. शुक्रवारी वीज बंद होती, माग थांबले होते, आणि त्या शांततेत बसून त्याने सगळं ऐकलं. कॅप्टन मुल्लांचं ऐकून हात जोडले. नंतर खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि तो कानाला लावून बसलेला पोरगा? त्याला काय ऐकू आलंतं का ओ शेवटी?" मी गप्प राहिलो. तेवढ्यात वीज आली, आणि तो उठून मागांकडे गेला.